वरच्या दालनातली हाक

सासूबाईंना ते डूल बघायचेच होते. जमिनीखालून निघालेले सोन्याचे डूल, हजारो वर्षांपूर्वीच्या कुण्या बाईचे, आता संग्रहालयात मांडले होते. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून सासूबाईंनी आरशाच्या कडेला खोचला होता, आणि केस विंचरताना त्या रोज म्हणायच्या, "बाई गेली बिचारी, पण डूल बघ कसे राहिलेत."

"आई, तिथं जिने आहेत. गुडघे धड नाहीत तुमचे," सून म्हणायची.

"जिने आहेत तर कठडेही असतील की."

सून सरकारी हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. डॉक्टर मोडलेलं हाड जुळवून धरायचे आणि ती त्यावर ओल्या पट्ट्या गुंडाळायची. हाड जुळलं की महिन्या-दीड महिन्यानं तेच प्लास्टर छोट्या करवतीनं कापून काढायची. तिचा नवरा जहाजावर होता, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. घरात सासू, सून आणि धाकटा दीर. दिराला सगळे छोट्या म्हणत. तो दारातून वाकून आत यायचा इतका उंच होता, पण लहानपणी पडलेलं नाव उंचीबरोबर थोडंच बदलतं. गोदामात माल चढवायचं काम करायचा. आईवर जीव होता. तिची औषधं तोच आणायचा आणि गुडघ्यांना तेल लावून द्यायला त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र तो संध्याकाळी सभांना जायला लागला होता. तिथं एक माणूस खुर्चीवर उभा राहून बोलायचा. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर त्या लोकांचे देव ठेवलेत, आपल्या गावातल्या आपल्या इमारतीत, आणि आपण मुकाट बघतोय, असं त्याचं म्हणणं. 'ते लोक' म्हणजे नदीपलीकडचे. छोट्या घरी येऊन तेच बोलायचा. सासूबाई म्हणायच्या, "देव कुणाचेही असू देत, तू जेवायला वेळेवर येत जा."

सुनेला सुट्टी मिळाली त्या दिवशी दोघी निघाल्या.

खालच्या दालनात भाल्यांची टोकं होती, मडकी होती, एका लहान मुलाची हाडं आणि त्याच्या गळ्यातले मणी होते. सासूबाईंनी त्या कशाकडेही बघितलं नाही. डुलांच्या काचेला त्यांनी नाक टेकवलं आणि थोड्या वेळानं मान मागे घेतली.

"एवढुसे? फोटोत केवढे दिसत होते."

"फोटो मोठा करून छापतात आई."

"लबाड मेले," सासूबाई म्हणाल्या. पण हलल्या नाहीत. स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावून पुन्हा बघत राहिल्या.

एवढं येऊन वरचं न बघता कसं जायचं, म्हणून मग त्या एकेक पायरी करत वर चढल्या. वरचं दालन लांबट होतं. दोन्ही बाजूंना लाकडी मूर्ती, सोनेरी रंगाचे चेहरे असलेली फळ्यांवरची चित्रं, आणि टोकाला दगडी मस्तकांची रांग. गर्दी नव्हतीच. एक मुलगी जमिनीवर बसून चित्र काढत होती, आणि एक पोट सुटलेला, सतत खोकणारा पहारेकरी स्टुलावर बसला होता. सासूबाईंना धापा टाकताना बघून तो उठला.

"आजी, बसा इथं. मला सकाळपासून बसून कंटाळा आलाय."

सासूबाई बसल्या. बसल्या बसल्या मस्तकांकडे बोट करून म्हणाल्या, "काय हो, सगळ्यांची नाकं कशानं गेली?"

"माणसांनी फोडली. पूर्वीच्या."

"नाकच का?"

"हाताला पहिलं तेच लागतं ना, आजी. पुढं आलेलं असतं."

सासूबाई हसल्या. पहारेकरीही हसला आणि मग त्याला खोकल्याची उबळ आली. सून लाकडी मूर्तींपुढून फिरत होती. एका देवीचा मनगटापासूनचा हात तुटलेला होता आणि तिथं लाकडाचे उभे तंतू दिसत होते. सुनेला वाटलं, हाड असं कधी तुटत नाही.

तेवढ्यात बाहेरून आवाज यायला लागला. आधी वाटलं, एखादी मिरवणूक असेल. पहारेकऱ्यानं खिडकीतून खाली बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. खिशातून फोन काढून तो कुणाशी तरी बोलला. "खालचं दार लावा," म्हणाला. मग नुसता ऐकत राहिला. खालून काच फुटल्याचा आवाज आला. एक नव्हे, एकामागून एक, भांड्यांची मांडणी कोसळावी तशा.

"चला," तो म्हणाला. "मागच्या खोलीत. लवकर."

दालनाच्या टोकाला, मस्तकांच्या मागे, जुनी चित्रं साफ करायची खोली होती. चित्र काढणारी मुलगी कागद तिथंच टाकून पळत त्या खोलीत शिरली. सासूबाईंना उठवेना. गुडघे अडकले होते. पहारेकऱ्यानं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना जवळजवळ उचललं, सुनेनं दुसरी बाजू धरली, आणि तिघं कशीबशी दारापर्यंत आली. जिन्यावर पावलं वाजत होती. त्या दाराला आतून कडी नव्हती, कुलूप बाहेरूनच लागायचं. पहारेकऱ्याला हे माहीत होतं. त्यानं दोघींना आत ढकललं, दार ओढलं, किल्ली फिरवली आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला जाड काच होती, आत तारेची जाळी असलेली. त्यातून सुनेला त्याचं टक्कल आणि रुंद पाठ दिसत होती, आणि पाठीपलीकडे सगळं दालन.

माणसं आत घुसली. हातात गज, कुऱ्हाडी, मोडलेल्या खुर्च्यांचे पाय. सुरुवातीला त्यांना काय करावं ते सुचलं नसावं, कारण क्षणभर सगळे नुसते उभे राहिले, नव्यानं आलेल्या पाहुण्यांसारखे. मग एकानं एका लाकडी मूर्तीला लाथ घातली. ती पडली आणि पुढचं सोपं झालं. चित्रांच्या फळ्या भिंतीवरून उपसून गुडघ्यावर मोडल्या. दगडी मस्तकं ढकलून पाडली. एकजण पडलेल्या मूर्तीच्या चेहऱ्यावर कुऱ्हाड घालत होता, घालतच होता, चेहरा उरला नाही तरी. आतल्या मुलीनं टेबलाखाली जाऊन कानांवर हात दाबून घेतले. सासूबाई सुनेचा दंड धरून काचेपाशी उभ्या होत्या. त्यांची नखं सुनेला रुतत होती.

मग कुणीतरी ओरडलं, "खरे देव आत लपवलेत. दार उघड."

"आत देव नाहीत," पहारेकरी म्हणाला. "होते ते सगळे तुमच्या पायाखाली आहेत. आत माणसं आहेत. बायका आहेत."

"किल्ली दे."

"नाही देत."

घोळक्यातून एक उंच माणूस पुढे आला. दोरी अडकवायचे पितळी खांब दालनात जागोजागी होते, त्यातला एक त्यानं बुडाकडून धरून उचलला होता. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. तरी सुनेनं त्याला खांद्यांवरून ओळखलं. सासूबाईंनी तिच्या आधीच ओळखलं असणार, कारण त्यांची नखं एकदम सैल झाली.

खांब खाली आला. पहारेकऱ्यानं डोकं वाचवायला हात वर घेतला आणि हातावर घाव बसला. तो आवाज सुनेला दारातून ऐकू आला. पहारेकऱ्याच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा डोक्याच्या बाजूला. तो दाराला घासत खाली बसला आणि काचेवर एक ओला लाल पट्टा उमटला. कुणीतरी त्याच्या बरगडीत लाथ मारली. तरीही तो दारासमोरून सरकला नाही. त्यानं किल्लीचा खिसा मुठीत धरून ठेवला होता.

तेव्हा सासूबाईंनी हाक मारली.

"छोट्या."

मोठ्यानं नाही. जेवायला बोलवावं तशी. पण उंच माणूस थांबला. त्यानं काचेतून बघितलं. आई आणि वहिनी, दोघींचे चेहरे, मधे तो लाल पट्टा. त्याचे डोळे इतके मोठे झाले की सुनेला वाटलं, आता हा खांब टाकेल.

खाली बसलेल्या पहारेकऱ्यानंही मान वर केली. आधी त्यानं दाराकडे, म्हणजे आवाजाकडे बघितलं आणि मग समोरच्या माणसाकडे. छोट्यानं त्याला बघताना बघितलं. आणि मग त्यानं खांब पुन्हा उचलला, या वेळी दोन्ही हातांनी, आणि त्या वर केलेल्या तोंडावर घातला.

"आत काही नाही," तो बाकीच्यांना म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "चला. पोलीस येतायत."

सगळे निघून गेले. पोलिसांच्या गाडीचा आवाज खरंच येत होता.

सुनेनं दार हलवून बघितलं, खोलीतलं एक स्टूल उचलून काचेवर मारलं. जाळीमुळे काच फुटेना, नुसती पांढरी झाली. मोडलेली माणसं बांधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि हा माणूस दाराच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर पडला होता. ती खाली बसली आणि दाराच्या फटीला तोंड लावून बोलायला लागली. "दादा, ऐकू येतंय का? तो हात हलवू नका. कुशीवर व्हा. तोंडातलं रक्त बाहेर येऊ द्या, गिळू नका." बराच वेळ काही हललं नाही. मग कपड्यांची सळसळ झाली. तो कुशीवर झाला होता. "असंच राहा," ती म्हणाली. "मी इथंच आहे." मदत येईपर्यंत ती फटीतून बोलत राहिली. काय काय बोलली ते नंतर तिला आठवलं नाही.

पोलिसांनी दार उघडलं. एक शिपाई सगळ्यांचे पत्ते विचारत होता. "कुणाला ओळखलंत?"

टेबलाखालची मुलगी नुसती रडत होती. सून तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "धूळ गेली हो डोळ्यांत. काही दिसलं नाही आम्हाला."

सुनेनं पत्ता तेवढा सांगितला.

घरी आल्यावर सासूबाईंनी शिवणाचं मशीन पुढ्यात ओढलं आणि कुणाच्या तरी विजारीची खालची शिलाई उसवायला घेतली. गल्लीतल्या लोकांचे कपडे त्या लहान-मोठे करून इस्त्री करून द्यायच्या. दोघींपैकी कुणीच दिवा लावला नाही. दिवेलागणीला छोट्या आला. अंघोळ करून, दुसरा शर्ट घालून आला होता. तळहाताला रुमाल गुंडाळलेला होता.

"वहिनी, काच लागलीय. बांधून देता?"

तिनं बांधून दिलं. हात तिला सवयीनं चालवता येत होते. जखम खोल नव्हती.

"तुम्ही तिथं कशाला गेला होतात?" तो म्हणाला. कुणाकडेच न बघता.

"डूल बघायला," सासूबाई म्हणाल्या.

तो हसला की रडला ते कळलं नाही. "मी होतो म्हणून वाचलात. नाहीतर दार फोडलं असतं त्यांनी. मी सगळ्यांना बाहेर काढलं. ते कुणी बघणार नाही."

"शेवटचा कशाला मारलास?" सासूबाईंनी विचारलं.

छोट्यानं मान वर केली. "तू हाक का मारलीस?"

सासूबाई उठल्या आणि त्याला ताट वाढून आणलं. तो जेवला. जेवून उठताना म्हणाला, "तुम्ही दोघी आज घरीच होता. कुणी विचारलं तर."

"आमचे पत्ते लिहून घेतलेत," सून म्हणाली.

"मग काही दिसलं नाही असं सांगा."

"ते आईंनी सांगितलंय."

पहारेकऱ्याला सुनेच्याच हॉस्पिटलात आणलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा हात तिच्यापुढे आला. कोपर आणि मनगटामधल्या हाडाचे दोन तुकडे झाले होते. डोकं वाचवायला हात वर घेणाऱ्या माणसाचं हाड असंच तुटतं. असे हात तिनं पुष्कळ बघितले होते, बहुतेक बायकांचे. अर्ध्या चेहऱ्यावर पट्ट्या होत्या. एक डोळा उघडा होता आणि त्या डोळ्यानं तो तिला बघत होता.

"आजी?" तो म्हणाला. ओठ सुजल्यामुळे शब्द जाडे येत होते. "पोचल्या का घरी नीट?"

"पोचल्या. बोलू नका तुम्ही."

ती पट्टी भिजवून गुंडाळत राहिली. मनगट, तळहात, कोपर. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "त्यांनी कुणाला तरी हाक मारली."

तिचा हात थांबला. तो डोळा तिच्यावरच होता. त्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. त्याच्या कोपराला हाताचा आधार देत ती म्हणाली, "हो. मारली."

त्यानं डोळा मिटून घेतला.

त्या रात्री नवऱ्याचा जहाजावरून फोन आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. पलीकडे नुसती खरखर. मग तो म्हणाला, "माझा भाऊ आहे गं तो. मी येईपर्यंत काही करू नकोस."

"तू कधी येणार?"

"पुढच्या बंदराला पोचलो की बघतो."

पहारेकरी एवढं बोलला म्हणून सगळ्यांना वाटलं, निभावला. पण डोक्यात आत रक्त साचत होतं. एका दुपारी तो बोलता बोलता थांबला आणि पुन्हा बोललाच नाही. सून खाली प्लास्टरच्या खोलीत होती. तिला वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं. ती वर गेली तेव्हा त्याची बायको पलंगाजवळ उभी होती, त्याचे जोडे हातात घेऊन. जोडे कुणाला द्यायचे, असं काहीतरी ती नर्सला विचारत होती. मग तिनं सुनेला बघितलं.

"तुम्ही तिथं होतात ना? हे सांगत होते. दारातून बोलत होतात त्यांच्याशी."

"हो."

"कोण होतं हो ते?"

बाई वाट बघत होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती, नुसती वाट बघत होती. सून वळली आणि जिना उतरून बाहेर आली. तशीच एप्रनवर, प्लास्टरची पूड अंगावर घेऊन घरी गेली.

सासूबाई इस्त्री करत होत्या.

"आई, तो गेला."

सासूबाईंनी इस्त्री उभी केली. "कोण?" म्हणाल्या, पण त्यांना कळलं होतं.

"मी पोलिसांत जातेय. तुम्हाला सांगून जावं म्हणून आले."

"अगं, माझ्या पोटचा आहे तो."

"ठाऊक आहे."

"फासावर देतील त्याला."

"आई, तुमचे गुडघे अडकले होते. तुम्हाला उचलून आत टाकलं नसतं तर त्याला वेळेत निसटता आलं असतं. आणि हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं माहितेय? आजी घरी पोचल्या का."

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

छोट्या आतल्या खोलीत झोपलेला होता. बोलणं ऐकून तो उठला असावा. आतली चौकट वाकून ओलांडत तो आला आणि बाहेरच्या दारापुढे उभा राहिला.

"वहिनी, बसा," तो म्हणाला.

"भाऊजी, वाट सोडा."

"मी म्हणतो बसा."

ती त्याच्या बाजूनं जायला लागली. त्यानं तिला दंडाला धरून मागे फेकलं. तिची पाठ भिंतीवर आदळली, मांडणीवरचे डबे खाली आले. ती उठली आणि पुन्हा दाराकडे निघाली. या वेळी त्यानं गळा धरला. दोन्ही हातांनी. तिनंच बांधलेली तळहाताची पट्टी तिच्या हनुवटीखाली रुतली. तो काहीतरी बोलत होता, "नाही म्हणा, नुसतं नाही म्हणा," असं पुन्हा पुन्हा, आणि नाही म्हणायला तिच्याकडे श्वास नव्हता. तिनं त्याच्या तोंडावर नखं मारली. पाय झाडले. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं आणि कानांत मोठा पाण्याचा आवाज.

मग जळक्या कातडीचा वास आला आणि छोट्या किंचाळला.

सासूबाईंनी तापलेली इस्त्री त्याच्या मानेवर टेकवली होती. नुसती टेकवली नव्हती, दोन्ही हातांनी दाबून धरली होती, कॉलरची घडी बसवताना धरायच्या तशी. त्याची पकड सुटली. तो गर्रकन वळला, आणि वळता वळताच त्याची मूठ आईच्या गालावर बसली. सासूबाई मशीनवर आदळून खाली पडल्या. इस्त्री सतरंजीवर पडून धूर निघायला लागला.

सून भिंतीशी बसून घरघरत श्वास घेत होती. छोट्या स्वतःच्या मुठीकडे बघत होता. मग तो आईजवळ गुडघ्यांवर बसला, तिला उचलायला हात पुढे केला आणि तिला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. सासूबाईंचा गाल एका बाजूला आत गेला होता. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "इस्त्रीची पिन काढ. घर पेटेल."

त्यानं पिन काढली. शेजारपाजारचे आले तेव्हा तो पिन हातात घेऊन तिथंच बसलेला होता. त्याला कुणाला धरून ठेवावं लागलं नाही.

पोलीस आले. सुनेला बोलता येत नव्हतं, तिनं गळ्यावरचे वळ दाखवले. सासूबाईंना शेजारणीनं उशीला टेकवून बसवलं होतं. निम्मं तोंड उघडत नव्हतं, तरी हवालदाराला त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं.

"त्या दिवशी डोळ्यांत धूळ गेली नव्हती माझ्या," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

सगळं सांगितलं. पहिला घाव हातावर, दुसरा खांद्यावर, तिसरा डोक्याला. मग मी हाक मारली. मग चौथा. छोट्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला बेड्या घालून बसला होता आणि ऐकत होता.

"आणि हे?" हवालदारानं गालाकडे बोट केलं.

"हे काय? पडले मी."

"आजी, कुणी मारलं का?"

"पडले म्हणतेय ना. गुडघे धड नाहीत माझे. ह्या सुनेला विचारा."

हवालदारानं सुनेकडे बघितलं. सून खाली बघत राहिली.

अटकेनंतर आठवड्याभरात नवरा जहाजावरून आला. तो पहिले काही दिवस बायकोशी बोलला नाही. मग एकदा तिच्या गळ्यावर उरलेला पिवळा डाग बघून बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला, आणि पुढे खटला चालला तेव्हा न्यायालयात तिच्या शेजारी बसायला लागला. पहारेकऱ्याची बायको पुढच्या बाकावर असायची. सुनेनं साक्ष दिली. मग जिन्यात त्या बाईला गाठून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं." बाई म्हणाली, "हो. हवं होतं." एवढंच म्हणून ती खाली उतरली, आणि सुनेला वाटलं, बरोबर आहे, एवढंच आपल्या वाट्याला येतं.

सासूबाई साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना खुर्ची दिली. छोट्याच्या वकिलानं विचारलं, "तुमचा मुलगा तापट होता? घरात कधी हात उगारला त्यानं?"

"कधी नाही."

मग सरकारी वकील उठले. "तुमच्या सुनेनं सांगितलंय, त्यानं तिचा गळा दाबला."

"तिनं सांगितलं ते खरं आहे."

"आणि तुमच्या गालाचं हाड?"

"मी पडले."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, मग पिंजऱ्यातल्या छोट्याकडे. त्याच्या मानेवर त्रिकोणी डाग होता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

त्याला फाशी झाली नाही. पण बाहेर येईल तेव्हा केस पिकलेले असतील एवढी शिक्षा झाली. खुर्चीवर उभं राहून बोलणारा तो माणूस त्या दिवशी संग्रहालयाच्या आसपासही फिरकला नव्हता, हे साक्षीपुराव्यांनी सिद्ध झालं आणि तो सुटला.

घरी परतताना बसमध्ये सासूबाई सुनेजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू सगळं खरं बोललीस. मी झेपलं तेवढं बोलले."

"हो आई."

"रागावलीस?"

"नाही."

तुरुंगात भेटायला जायचं म्हणून सासूबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा छोट्या बाहेर आला नाही. त्यानंतरही एकदा तसंच झालं. सून त्यांना फाटकापर्यंत सोडायची आणि समोरच्या बाकावर बसून राहायची. आत जायला तिला कुणी सांगितलं नाही आणि तीही गेली नाही. थंडीच्या दिवसांत एकदा मात्र त्यांना यायला उशीर झाला. बाहेर आल्या त्या शालीत तोंड गुंडाळून.

"आला होता?" सुनेनं विचारलं.

"आला होता. वाळलाय."

"काय म्हणाला?"

"गाल दुखतो का, म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, थंडीत दुखतो."

सुनेनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना फुटपाथवरून खाली उतरवलं, आणि दोघी रस्ता ओलांडून बसच्या थांब्याकडे गेल्या.